कपाटात जपलेले नाचाचे बूट

बडोद्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५८, राहणं दांडिया बाजाराकडे. यजमान निवृत्त झाल्यावर दोघांनी अलकापुरीतल्या एका वर्गात बॉलरूम, म्हणजे जोडीने करायचं पाश्चात्य नृत्य शिकायला सुरुवात केली, त्याला आता दोन वर्षं होतील. लंडनला असलेल्या मुलाने दोघांसाठी तिथून नाचाचे खास बूट आणले. यजमानांचे काळ्या चामड्याचे, नाडीचे. ताईंचे फिक्या पीच रंगाच्या सॅटिनचे, दोन इंची टाचेचे, तळाला स्वेड, म्हणजे लव असलेलं चामडं. यजमान आपले बूट प्रत्येक वर्गाला घालतात. ताईंनी मात्र आपले चांगल्या प्रसंगासाठी ठेवले आणि वर्गाला जुन्या सँडलवर भागवलं. पावसाळाभर ते प्लास्टिकच्या पिशवीत, भिंतीतल्या कपाटात होते. नवरात्रात काढले तर आत पांढरट-हिरवी बुरशी. ओल्या फडक्याने आतून, वरून, तळाकडून पुसून घेतले आणि नाचाचेच आहेत ना, म्हणून दोन रात्री सोसायटीच्या आवारात गरब्याला घातले. आता वर्गात घातले की पाय घसरतो आणि डाव्या टाचेतून टकटक आवाज येतो. यजमानांनी तळाला काचपेपर मारला, तर घसरणं वाढलंच. मोची म्हणतो, रबरी सोल लावून देतो. शिकवणारे म्हणतात, नवे घ्या. डिसेंबरात लग्नाला ३५ वर्षं होतात आणि त्या संध्याकाळी मुलासमोर वॉल्ट्झ हा त्यातलाच एक नाच करायचा आहे. ‘इतके महागाचे बूट माझ्या हातून वाया गेले का, आणि हे मुलाला कसं सांगू?’ असं ताई विचारतात.

ताई, बूट टाकू नका आणि मोच्याच्या हातीही एवढ्यात देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यातलं बहुतेक सगळं घरच्या घरी दुरुस्त होतं. बूट खरोखर निकामी झाला असं फक्त एकाच गोष्टीवरून म्हणता येईल, म्हणून ती सगळ्यात आधी तपासा.

बुटाच्या कमानीत, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या मधल्या भागात, तळाच्या आत एक पोलादी पट्टी असते. तिला शँक म्हणतात. उंच टाचेचा सगळा भार तीच पेलते. एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचं टोक धरून बूट हलकेच वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. कमानीत थोडासा स्प्रिंगसारखा दबून परत आला तर चालेल, पण तिथेच घडी पडल्यासारखा मुडपला किंवा करकर वाजला, तर पट्टी तुटली आहे. मग बूट टेबलावर ठेवा आणि टाचेला बोटाने बाजूला ढकलून बघा. ती डुगडुगायला नको. पट्टी तुटलेला बूट दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तो घालून वळण घेणं घोट्याला धोक्याचं आहे. पण तुमचे बूट जेमतेम दोन रात्री वापरलेले आहेत, त्यामुळे पट्टी शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

आता टकटक. टाचेच्या टोकाला एक छोटा तुकडा बसवलेला असतो, त्याला आपल्याकडे हील टिप म्हणतात. सिमेंटच्या आवारात किंवा पेव्हर ब्लॉकवर दोन रात्री गरबा केला तर तो झिजून आतल्या खिळ्याचं डोकं उघडं पडतं. फरशीवर वाजतोय तो खिळा. नवी टिप बसवणं हे मोच्याचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते मात्र त्याच्याकडून जरूर करून घ्या. खिळा उघडा असताना वर्गाला जाऊ नका. फरशीवर तो सटकतो आणि लाकडी जमिनीवर चरे पाडतो. टिप बदलल्यावर वरून पारदर्शक प्लास्टिकची टोपी घालायची, जिला हील प्रोटेक्टर म्हणतात. टाचांचे आकार वेगवेगळे असतात, कुठली सडपातळ, कुठली खाली पसरट, म्हणून टोपी अंदाजाने घेऊ नका. टाच पांढऱ्या कागदावर टेकवून पेन्सिलीने कडेने आकार काढा आणि लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. टोपी बसवताना जोर लावावा लागला पाहिजे. हाताने सहज बसली तर वळताना सहज निघेल. आठवड्यातून एकदा ती उलटी धरून बघावी. मागच्या कडेला पातळ होऊन भोक पडत आलं की बदलायची. वॉल्ट्झमध्ये तुम्ही मागे पाऊल टाकता तेव्हा पुढे राहिलेल्या पायाचा चवडा उचलला जातो आणि टाच जमिनीला हलकी घासत मागे येते, त्यामुळे झीज बरोबर तिथेच होते. ती कड झिजली म्हणजे तुमचं तंत्र चुकतंय असं नाही, उलट ते बरोबर चाललंय.

घसरण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरातल्या सगळ्यांनी मिळून तळावर जे उपाय केले ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि तळ बिचारा मध्ये सापडलाय.

पाय घसरतोय म्हणजे बूट खराब झाला, असं तुम्ही धरून चालला आहात. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू. मखमलीसारखी बारीक उभी लव. नाचाच्या बुटाला हेच चामडं लावतात, कारण नाचणाऱ्याला दोन उलट गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. पाऊल सरकलंही पाहिजे आणि हवं तिथे थांबलंही पाहिजे. उभी लव जमिनीला हलकी पकड देते, आणि चवड्यावर फिरताना वाकून वाटही देते. ती आडवी पडली, तिच्यात धूळ, घाम आणि फरशी पुसायच्या औषधाचा थर बसला, की तळ काळा, कडक आणि चकचकीत होतो. मग तो बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. तुमच्या बुटांचं तेच झालंय. ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा लव भिजून एकमेकीला चिकटली आणि वाळताना तशीच कडक झाली. त्यावर आवारातली धूळ-माती दाबली गेली. मग यजमानांनी काचपेपर मारला, बहुधा घरात रंगकामातून उरलेला, बारीक दाण्याचा. बारीक काचपेपर लव उचलत नाही, ती कापून पृष्ठभाग गुळगुळीत करतो, सुतार फळी करतो तसा. त्यांचा हेतू चांगला होता, हत्यार चुकलं.

योग्य हत्यार म्हणजे आखूड, दाट तारांचा ब्रश. गंज काढायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो लांब, राठ तारांचा ब्रश घेऊ नका, तो स्वेडचे लचके काढतो. स्वेडच्या बुटांसाठी पितळी तारांचा ब्रश मिळतो, तो चालेल. नाचाच्या बुटांसाठी असलेला छोटा पोलादी तारांचा ब्रश मिळाला तर उत्तम.

बूट पूर्ण कोरडा असताना, खाली जुना पेपर पसरून, तळ वर करून मांडीवर घ्या. आधी चवड्याच्या भागावर छोटे, आडवे हात मारा. दाब फार नको, मनगटानेच काम करायचं. काळी पूड पडायला लागेल. तो थर सुटतोय. मिनिटभराने दिशा बदला आणि टाचेकडून बोटांकडे असे सरळ हात मारा. तळाचा रंग काळ्या चकाकीवरून मळकट राखाडीवर येईल. झालं की नाही ते बोटाने बघा. तळावरून बोट आडवं फिरवलं की मखमलीवर उमटते तशी गडद रेघ उमटली पाहिजे. रेघ उमटली की थांबा. जास्त घासलं तर अधिक पकड येईल असं वाटतं, पण प्रत्येक वेळी थोडं चामडं जातंच, आणि तळ मुळात दोनेक मिलिमीटरपेक्षा जाड नसतो. काचपेपरने गुळगुळीत झालेला भाग एकदम उठणार नाही. दर वर्गाआधी थोडं थोडं घासत तीन-चार वेळांत तो परत येतो. वाफेवर धरून लव उठवायचा एक उपाय सांगितला जातो, तो तुमच्या बुटांना करू नका. वाफेने तळ चिकटवणारं सोल्युशन सैल होतं आणि सॅटिनवर पाण्याचे डाग पडतात.

तळ नीट घासूनही घसरलात, तर जमिनीकडे बघा. हे बूट लाकडी जमिनीसाठी घडवलेले असतात. इंग्लंडात ब्लॅकपूलला १९२० पासून बॉलरूमचा मोठा महोत्सव भरतो तो लाकडी जमिनीवर. आपल्याकडे वर्ग भरतात व्हिट्रिफाइड टाइल्सवर नाहीतर पॉलिश केलेल्या कोटा दगडाच्या फरशीवर. त्यावर धुळीचा पातळ थर असला की नवाकोरा स्वेडसुद्धा सरकतो. वर्गात दहा मिनिटं आधी जा, कोरड्या सुती फडक्याने चार बाय चार फुटांचा एक चौकोन नीट पुसा आणि तिथे चार पावलं टाकून बघा. तिथे घसरत नसाल तर दोष बुटाचा नाही. मग वर्ग चालवणाऱ्यांना सांगा की फरशी साध्या पाण्याने, औषध न घालता, निदान तासभर आधी पुसून वाळू द्या. ही मागणी सगळ्यांच्या फायद्याची आहे, त्यामुळे संकोच करू नका.

काहीजण फरशीवर टाल्कम पावडर टाकतात, काहीजण बुटाचा तळ ओल्या टॉवेलवर दाबतात, आणि परदेशी स्पर्धांमध्ये निसरड्या जमिनीवर तळाला एरंडेलाचे थेंब लावतात हेही खरं आहे. एरंडेल आपल्या गुजरातेत पोत्याने पिकतं, म्हणून मोह होईल. पण तेल लावलेला तळ नाचून झाल्यावर लगेच ब्रशने साफ करावा लागतो, नाहीतर सगळी धूळ तो ओढून घेतो. शिवाय टाइल्सवर त्याचे ठसे उमटतात ते वेगळंच. पावडर तर कधीच नको. ती लवेत भरून तुमचा तळ निकामी करते आणि शेजारच्या जोडीला पाडते.

रबरी सोलचं म्हणाल तर मोच्याचं म्हणणं चुकीचं नाही. रबर घसरणार नाही, आणि इथे नेमकी तीच अडचण आहे. वॉल्ट्झच्या नॅचरल टर्नमध्ये, म्हणजे उजवीकडे वळण्याच्या हालचालीत, सहा पावलांत जोडी पाऊण फेरी फिरते, आणि हे फिरणं चवड्यावर होतं. तळाने जमीन घट्ट धरून ठेवली आणि शरीर फिरलं, तर तो पीळ जातो गुडघ्यात. पंचविशीत तो कदाचित जाणवणार नाही. आपल्या वयाला गुडघ्याशी असा खेळ नको. स्वेड अगदीच गेला असेल, म्हणजे ब्रश मारूनही लव उठत नसेल किंवा खालचा पुठ्ठा दिसायला लागला असेल, तर स्वेडवर स्वेडच बसवून घ्या.

तशी वेळ आली तर मोच्याला काय सांगायचं तेही लिहिते, कारण नाचाचे बूट त्याच्याकडे रोज येत नाहीत. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं क्रोम स्वेड, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, हवं, लव बाहेरच्या बाजूला. जुना तळ आधी पूर्ण काढायचा. त्याच्यावरच नवा चिकटवला तर पुढची जाडी वाढते, टाचेच्या मानाने चवडा उंच होतो आणि तोल बदलतो. काढलेल्या जागेवरचं जुनं सोल्युशन खरवडून जागा खरबरीत करायची. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं. घाईत ओलंच चिकटवलं तर महिन्याभरात पुढच्या टोकापासून उकलतं. मग मधून कडेकडे दाबत आणत, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि रापीने कडा काटकोनात छाटायच्या. एक दिवस पायात घालायचे नाहीत. सॅटिनला सोल्युशन लागलं तर ते निघत नाही, म्हणून बूट त्याच्या हाती देण्याआधी वरचा सगळा भाग जुन्या फडक्यात गुंडाळून टाचण्यांऐवजी दोऱ्याने बांधून द्या. टाचणीची भोकं सॅटिनवर राहतात.

बुरशी तुम्ही पुसलीत, पण ओल्या फडक्याने ती पसरते आणि वर ओल मिळाल्याने पुन्हा उगवते. गच्चीत किंवा गॅलरीत जाऊन, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ टूथब्रशने आतली बुरशी झाडा. घरात झाडू नका. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापसाचा बोळा भिजवा, घट्ट पिळा आणि आतलं अस्तर पुसा. प्रत्येक वेळी नवा बोळा. आत ओतू नका, कारण आतल्या गादीखाली पुठ्ठा असतो आणि तो एकदा फुगला की बुटाचं माप बदलतं. स्पिरिट रंग सोडवू शकतं, म्हणून आधी अस्तराच्या कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी लावून बघा. बाहेरच्या सॅटिनला ते लावूच नका. यजमानांच्या चामड्यावर बुरशी आली तर हाच उपाय, तीच आधी तपासायची अट. ज्यांचे बूट पेटंट लेदरचे, म्हणजे आरशासारखे चमकणारे आहेत, त्यांनी मात्र स्पिरिटपासून लांब राहावं.

सॅटिनवरचे मळके डाग काढायला पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू घालून फेस करा. पाणी नाही, नुसता फेस पांढऱ्या सुती फडक्यावर घ्या आणि विणीच्या दिशेने टिपत न्या. एकाच जागी घासलं तर धागे फिसकटतात आणि तिथली चमक कायमची जाते. मग साध्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं फडकं एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सगळीकडे फिरवा. मधल्यामध्ये थांबलात तर वाळल्यावर तिथे पाण्याची कडा उमटते, भिंतीवर ओल सुकल्यावर दिसते तशी. रेशमी साड्या आपण रिठ्यात धुतो म्हणून इथेही रिठा घ्यावासा वाटेल. नको, त्याच्या पाण्याला तपकिरी झाक असते आणि पीच रंगावर ती दिसते. वाळवायचं पंख्याखाली, उन्हात नाही. आत पांढरा कागद भरून ठेवा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते.

इथे यजमानांना एक विनंती. त्यांच्या बुटांना काळं मेणाचं पॉलिश करत असतील, तर ते आतल्या कडांना लावू नये. नाचताना दोघांचे पाय एकमेकांना घासून जातात, आणि तुमच्या सॅटिनवर पावलाच्या आतल्या बाजूला काळे पट्टे असतील तर ते गरब्यातले नाहीत, त्यांच्या पॉलिशचे आहेत. आतल्या कडांना रंगहीन क्रीम, तेही मटारएवढंच, आणि कोरड्या पांढऱ्या फडक्याने, त्यावर काही उतरेनासं होईपर्यंत, पुसायचं.

आता कपाटाबद्दल. बूट महाग, म्हणून जपून ठेवले, हे आपल्या पिढीला शिकवावं लागत नाही. पण नाचाचा बूट पैठणीसारखा ठेवून टिकत नाही. चामडं, पुठ्ठा, सोल्युशन या सगळ्यांना हवा लागते. बडोद्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका दमटपणा असतो की प्लास्टिकच्या पिशवीत जी थोडी ओल अडकली ती बाहेर जायला वाटच राहत नाही. भिंतीतलं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर आणखीच. डांबराच्या गोळ्या तिथे कामाच्या नाहीत, त्यांनी ओल जात नाही, फक्त वास राहतो. जुन्या पांढऱ्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या दोन पिशव्या शिवा, एकेका बुटाला एक, म्हणजे टाच दुसऱ्या बुटाच्या सॅटिनमध्ये घुसत नाही. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात महिन्याने बदला. वास येत असेल तर चमचाभर खाण्याचा सोडा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर बुटात ठेवा. सोडा तसाच भुरभुरवला तर घामाबरोबर आतल्या गादीत त्याचा चिकटा होतो. आणि पिशवी ठेवा वरच्या फळीवर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्या वाचकांपैकी कुणाचे बूट त्या पाण्यात भिजले असतील, तर त्यांनी ते वाळवून पुन्हा वापरू नयेत. आतली पोलादी पट्टी गंजलेली असते आणि ते बाहेरून दिसत नाही.

उन्हाळ्यात उलटी काळजी. मे महिन्यात गाडीच्या किंवा स्कूटरच्या डिकीत बूट दुपारभर राहिले की उष्णतेने सोल्युशन मऊ पडतं आणि तळ सुटतो. वर्गाहून आल्यावर बूट पिशवीतून काढून, नाड्या-पट्टे सैल करून, रात्रभर उघड्यावर ठेवायचे. पुढच्या दिवशी लगेच घालायचे नाहीत. आणि हॉलच्या दाराबाहेर, एक पाऊलसुद्धा नाही. गरबा तर अनवाणी किंवा मोजडीतच शोभतो. पार्किंगपासून हॉलपर्यंत चप्पल, आत खुर्चीवर बसून बूट बदलायचे, येताना पुन्हा चप्पल. स्वेडमध्ये अडकलेला वाळूचा एक कण तुमच्या तळाचं आणि जमिनीचंही नुकसान करतो.

नव्या बुटांचं शिकवणाऱ्यांनी सुचवलं, त्यात तथ्य आहे, पण मी क्रम बदलेन. सॅटिनच्या जागी दुसरे सॅटिनचे घेऊ नका. सरावासाठी दीड इंच जाड टाचेचे, चामड्याचे, स्वेड तळाचे साधे बूट घ्या. ते आठवड्यातल्या एका वर्गाला, आणि सॅटिनचे दुसऱ्या वर्गाला. दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्या की प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो. जुन्या सँडलवर वर्ष काढलंत ते आता पुरे. आणि सॅटिनचे बूट थेट समारंभाच्या दिवशी घालायचे असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. सॅटिन चामड्यासारखं पायाप्रमाणे सैलावत नाही, आत्ता जिथे टोचतंय ते त्या संध्याकाळीही टोचेल. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना पातळ मोजे घालून अर्धा तास नाचून बघा, म्हणजे खरी कल्पना येईल. बोटं दबून मुंग्या आल्या तर तो तुमचा बूट नाही, आणि मग कितीही निगा राखली तरी उपयोग नाही.

समारंभाची जागा कोणती आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभासाठी भाड्याने मिळणारं मोकळं मैदान, असेल तर आधीच बोलून ठेवा. हिरवळीवर हे बूट चालत नाहीत, टाच रुतते. मांडववाले जो लाकडी मंच करतात त्यावर लाल गालिचा अंथरतात, त्यावर स्वेड सरकतच नाही. गालिचा काढायला सांगा, खालचे प्लायवूड एका पातळीत आहेत का आणि जोडांवर खिळे वर आलेले नाहीत ना ते दिवसाउजेडी हाताने चाचपून बघा. दोघांना वॉल्ट्झसाठी १२ बाय १२ फूट मोकळी जागा पुरते. रात्री दव पडतं, म्हणून तुमचा नाच उशिरा ठेवू नका, आणि सुरू करायच्या आधी कुणाला तरी कोरडा पोछा मारायला सांगा.

राहिला मुलगा. तुम्हाला वाटतंय की बूट खराब झाले हे कळलं तर त्याला वाईट वाटेल. त्याने ते कपाटासाठी आणले नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे. वाईट वाटलंच तर आई अजून जुन्याच सँडलवर नाचते, याचं वाटेल. सगळं सांगा, बुरशीसकट. आणि सांगताना त्याला काम द्या. डिसेंबरात येताना हील प्रोटेक्टरच्या चार जोड्या आणि नाचाच्या बुटांचा तारेचा ब्रश आणायला सांगा. दोन्ही हलके आहेत, खिशात मावतात, आणि तिकडच्या नाचाच्या दुकानात सहज मिळतात. कागदावर काढलेला टाचेचा तो आकार फोटो काढून त्याला पाठवा. शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे त्याला माप कळेल. आणि दोन्ही टाचांचा आकार काढा, डावी झिजली असेल तर उजवीचंच माप खरं धरायचं.